खुर्ची विकणे आहे

मित्रांनो, मी एक खुर्ची आहे. वय झालं आहे माझं, पण म्हणून मला दिवाणखान्यातल्या किंवा शाळेतल्या खुर्च्यांच्या रांगेत बसवू नका. मी केस कापायच्या दुकानातली खुर्ची. आमच्यात माणूस नुसता बसत नाही, डोळे मिटून आपलं डोकं आणि गळा दुसऱ्याच्या हाती देतो. एवढा विश्वास कुठल्या टेबलाच्या वाट्याला येतो का? नाही ना? मग कुणी मला 'जुनं फर्निचर' म्हटलं की मला राग येतो, तो समजून घ्या.

माझा जन्म एका भुशाने भरलेल्या कारखान्यात झाला. खाली ओतीव लोखंडाची बैठक, तिच्यावर गोल फिरणारा खांब आणि पायाने दाबायचा दांडा. दांडा दाबला की मी हळूहळू वर जायची, सोडला की सुस्कारा टाकत खाली यायची. सुताराने माझे हात घासून गुळगुळीत केले. गादीवाल्याने काथ्या ठासून वर चामडं ताणलं आणि डोकं टेकायला एक लहानशी उशी बसवली. तयार झाल्यावर मला जागची हलवायला चार माणसं लागली. सुतार म्हणाला, "ही पोरगी एकदा सासरी गेली की माहेरी यायची नाही. उचलणार कोण हिला?" सगळे हसले. मला मात्र माझ्या वजनाचा फार अभिमान वाटला.

मला न्यायला आले ते काका. तेव्हा ते काका नव्हते, नुकतंच दुकान भाड्याने घेतलेला एक सडपातळ तरुण होता. त्याने आल्या आल्या भाव विचारला नाही. आधी माझ्यात बसला, उठला, गोल फिरवून बघितलं, उशीवर डोकं टेकून डोळे मिटले. मग सुताराने एक आकडा सांगितला, त्याने दुसरा. दोघांनी एकमेकांच्या तोंडाकडे बघितलं. सुताराला याच्या झिजलेल्या चपला दिसल्या, याला सुताराच्या बोटांवरच्या जखमा दिसल्या. समोरचा चहा निवायच्या आत सौदा झाला. पुढे काका दुकानात नेहमी सांगायचे की घासाघीस करावी, पण समोरच्याचं तोंड दिसेल इतक्या जवळून करावी.

मग सुरू झाली माझी कामाची वर्षं. सगळ्या गल्लीने त्यांना काका म्हणायला सुरुवात केली आणि माझं चामडं हळूहळू माणसांच्या अंगाला सरावलं. गिऱ्हाईक आलं की काका फडक्याने माझी गादी झटकायचे आणि म्हणायचे, "या, बसा, खुर्ची तुमचीच आहे." तुमच्याएवढी मुलं आली की ते माझ्या दोन्ही हातांवर एक फळी आडवी ठेवायचे आणि मुलाला त्या सिंहासनावर बसवायचे. काही मुलं इतकी रडायची की वाटावं, इथे केस नव्हे, कानच कापताहेत. त्यांना काका माझ्यासकट एक गिरकी द्यायचे. रडणं तिथेच थांबायचं आणि हसू यायचं.

या गिरकीवर सगळ्यात जास्त हक्क होता तो काकांच्या लेकीचा. तिची आई ती लहान असतानाच गेली. शाळा सुटली की ती दुकानात यायची, मी रिकामी सापडले की माझ्यावर चढायची आणि पाय भिंतीला लावून स्वतःला फिरवत राहायची. काका तिला भिंगरी म्हणायचे. माझ्या हातावर वही ठेवून तिने पाढे लिहिले, माझ्या गादीत तोंड खुपसून ती रुसली, आणि परीक्षेत नापास झाली तेव्हा घरी न जाता माझ्यातच झोपून गेली. मी बोलू शकत नाही, पण त्या लेकराला मी मांडीवर वाढवलं असं मला आजही वाटतं.

दिवस सारखे राहत नाहीत. कोपऱ्यावर काचेचं मोठं सलून आलं, तरुण गिऱ्हाईक तिकडे वळलं. त्याचं काकांना फारसं वाईट वाटलं नाही. खरं दुखणं निराळंच होतं. काका विसरायला लागले. आधी छत्री, मग किल्ली, मग माणसांची नावं. एकदा एका गालाची दाढी करून त्यांनी गिऱ्हाईकाला "झालं, उठा" म्हटलं. एक पेन्शनर आजोबा रोज सकाळी दाढीला यायचे. त्यांची दाढी झाली की काका पाच मिनिटांनी पुन्हा म्हणायचे, "या आजोबा, बसा, करून टाकू." आजोबा एक अक्षर न बोलता पुन्हा बसायचे आणि गुळगुळीत गालावर पुन्हा साबण लावून घ्यायचे. अशी माणसंही या जगात असतात, मित्रांनो.

भिंगरी आता मोठी झाली होती. लग्न झालं होतं, औषधांच्या दुकानात कामाला होती, नवरा शाळेची गाडी चालवायचा. ती काकांना डॉक्टरीणबाईंकडे घेऊन गेली आणि परत आल्यावर माझ्यात बसून नवऱ्याला सगळं सांगायला लागली.

"त्या म्हणाल्या, बाबा माणसं विसरतील, रस्ते विसरतील. मलासुद्धा विसरतील. पण हातांना जे येतं ते सगळ्यात शेवटी जातं. जमेल तितके दिवस त्यांचे हात कामात ठेवा म्हणाल्या."

आणि ते खरंच होतं. घरी काका सैरभैर असायचे, दार उघडून निघून जायचे. पण माझ्या मागे येऊन उभे राहिले, एक हात उशीवर ठेवला, की त्यांचा चेहरा शांत व्हायचा. कात्री हातात आली की तीच बोटं पूर्वीसारखी चालायची. त्यांचं सगळं जग सुटत चाललं होतं आणि ते मला धरून उभे होते. म्हणून पुढचं सांगताना मला फार जड जातं.

दुकानाच्या मालकाला जागा रिकामी हवी होती. भिंगरीचं घर तिसऱ्या मजल्यावर, दोन खोल्यांचं, जिना इतका अरुंद की लोखंडी बैठकीची मी वर जाणंच शक्य नव्हतं. शिवाय भिंगरी कामावर गेल्यावर काकांजवळ थांबायला एक बाई ठेवायची होती, तिला पगार द्यायचा होता. तेव्हा दुकानातलं सामान विकायचं ठरलं. भिंगरीने मोबाईलवर एक एक वस्तू टाकायला सुरुवात केली.

आधी भिंतीवरचा मोठा आरसा टाकला. दुसऱ्या मिनिटाला कुणीतरी पाव किंमत सांगितली. ही आपली भिडस्त, हो म्हणून मोकळी झाली. आठवड्याभरात त्याच माणसाने तोच आरसा, हिनेच काढलेल्या फोटोसकट, तिप्पट भावाला विकायला टाकलेला तिला दिसला. नवरा कपाळावर हात मारून म्हणाला, "अगं, तू विकतेस की दान करतेस?" तो वाईट माणूस नव्हता हो. पै पै जोडणारा होता. त्याने तिला नियम घालून दिले: पहिला भाव कधी घ्यायचा नाही. उत्तर लगेच द्यायचं नाही, आपली गरज कळू द्यायची नाही. समोरचा बोलला की आपण गप्प बसायचं, म्हणजे तोच वाढतो. दुधाने तोंड पोळलेली भिंगरी आता ताकही फुंकून प्यायला तयार झाली.

मग माझी पाळी आली. तिने माझं चामडं तेलाने पुसलं, माझा फोटो काढला आणि खाली लिहिलं, 'केशकर्तनाची जुनी खुर्ची विकणे आहे, उत्तम अवस्थेत.' 'उत्तम' वाचून मला बरं वाटलं. रोज दुपारी ती माझ्यात बसून आलेले निरोप मोठ्याने वाचायची आणि काका शेजारी कात्र्या पुसत ऐकायचे.

काय एकेक निरोप! कुणी नमस्कार नाही, चमत्कार नाही, नुसतं 'लास्ट किती?' कुणी म्हणे, 'अर्ध्यात देत असाल तर आत्ता उचलतो.' कुणाला माझ्या बदल्यात माशांची काचेची पेटी द्यायची होती, मासे वेगळे. एकाने भाव सांगितला, मग विचारलं, 'खुर्ची खरी आहे की खेळण्यातली?' पाण्यात म्हैस आणि बाहेर मोल म्हणतात ते हेच. मला कुणी बघितलं नाही, हात लावला नाही, आणि बाजारात माझी किंमत वरखाली होत होती. आयुष्यात पहिल्यांदा मला लाज वाटली.

एक ढेरपोटे गृहस्थ मात्र प्रत्यक्ष आले. भिंगरी अजून पोचायची होती. त्यांनी माझ्या बैठकीला बुटाने टोचलं, "गंज आहे," म्हणाले, आणि गादी दाबून बघायला बसले. बसले ते फसले. काकांनी क्षणात त्यांच्या गळ्याभोवती कापड बांधलं, साबण फेसाळला आणि वस्तरा लावला. वस्तरा गळ्याशी असताना बोलायची कुणाची छाती होते? भिंगरी धापा टाकत आली तेव्हा गृहस्थांची दाढी छान चकाचक झाली होती. त्यांनी आरशासाठी भिंतीकडे बघितलं, तिथे नुसता पांढरट चौकोन होता. "कळवतो," म्हणून गेले ते गेलेच. त्या दिवशी बापलेक खूप हसले. ते हसणं मी जपून ठेवलं आहे.

आणि मग ती आली. दोन गल्ल्या पलीकडे एका खोलीत बायकांचे आणि मुलांचे केस कापायची. तिचा बॉबकट होता, म्हणून भिंगरी तिला बॉबकटवाली म्हणायची. ती माझ्यात बसली मात्र, काका पुढे झाले. भिंगरी घाईघाईने म्हणाली, "बाबा, थांबा, त्या गिऱ्हाईक नाहीत."

"असू दे ताई," बॉबकटवाली म्हणाली, "मानेवरचे वाढलेच आहेत. कापा काका."

काकांनी कापले. एकदाही थबकले नाहीत, एकदाही विसरले नाहीत. त्या वेळात त्यांच्या हातांना माझ्या पाठीचा जो आधार होता, तो मला नीट जाणवत होता. ती मोबाईलच्या पडद्यात मान वळवून बघत म्हणाली, "काका, रेषा किती सरळ आलीय! माझी अशी येत नाही."

"रोज करत जा, येईल," काका म्हणाले.

मग ती भिंगरीला बाजूला घेऊन म्हणाली, "ताई, तुम्ही लिहिलंय त्याच्या अर्ध्याहून थोडं जास्त देऊ शकते मी. मला माहितीय, कमी आहे. पण काकांना दुपारी माझ्याकडे सोडत जा. दुपारी माझं दुकान रिकामंच असतं. शेजारची मुलं येतात, त्यांचे केस कापू देत. मी शेजारी उभी राहीन. खुर्ची त्यांचीच राहील."

मित्रांनो, मला बोलता आलं असतं तर मी ओरडले असते, 'हो म्हण, भिंगरी, हो म्हण!' तिच्याही ओठांवर हो आला होता, मी तिचा चेहरा लहानपणापासून ओळखते. पण तेवढ्यात तिला आरसा आठवला, नवऱ्याचे नियम आठवले. ती म्हणाली, "विचार करून कळवते."

संध्याकाळी बॉबकटवालीचा निरोप आला. 'ताई, आणखी थोडे जमवले आहेत. जमेल का?' नवरा खूश झाला. "बघ, वाढली की नाही? अजून वाढेल. दोन दिवस गप्प राहा." भिंगरीचं मन होत नव्हतं. तिने उत्तर लिहायला घेतलं, पुसलं, पुन्हा लिहिलं, पुन्हा पुसलं. शेवटी मोबाईल माझ्या हातावर पालथा ठेवून दिला.

दुसऱ्या दिवशी एका नव्या माणसाचा निरोप आला. मोठ्या रस्त्यावर त्याचं कॉफीचं दुकान उघडत होतं. त्याने काही विचारलं नाही, घासाघीस केली नाही, पूर्ण भाव कबूल केला आणि तासाभरात पैसे पाठवूनही दिले. बाईच्या पगाराची सोय झाली होती. नवऱ्याने टाळी दिली. भिंगरीने टाळी घेतली, पण तिचं लक्ष माझ्याकडे होतं. टेम्पो आला तेव्हा काका घरी होते. मला उचलायला यावेळीही चौघेच लागले, पण कुणी हसलं नाही. भिंगरी टेम्पोपर्यंत आली आणि माझ्या उशीवर हात ठेवून उभी राहिली. तेवढ्यात मोबाईल वाजला. तिने निरोप वाचला आणि तशीच खाली फुटपाथवर बसली. नवऱ्याने मोबाईल घेऊन मोठ्याने वाचलं: 'ताई, उत्तर नाही, म्हणजे नाही असं समजले. राग नाही. मी एक साधी खुर्ची घेतली. काकांना नमस्कार.'

कॉफीच्या दुकानात माझं फार कौतुक झालं. कौतुक म्हणजे काय, तर मला सोनेरी रंग दिला. लोकांच्या पायात येतो म्हणून दांडा कापून टाकला. बैठक खिळे ठोकून जमिनीला जखडली, उशी काढून तिथे दिवा बसवला आणि भोवती दोरी बांधून पाटी लावली, 'कृपया बसू नये.' खुर्चीला यापेक्षा मोठी शिक्षा कोणती असेल, तुम्हीच सांगा. लोक माझ्याशेजारी उभे राहून फोटो काढतात आणि जातात.

काही दिवसांनी एका दुपारी दार उघडलं आणि भिंगरी आली. तिने काकांचा हात धरला होता. काका किती वाळले होते! ती गल्ल्यावरच्या मालकाला हलक्या आवाजात सांगत होती आणि मी कान देऊन ऐकत होते. काका आता रात्रंदिवस हात चोळत बसतात. स्वयंपाकघरातल्या खुर्चीच्या मागे उभे राहतात आणि नुसत्या हवेत बोटं हलवतात. बॉबकटवालीकडेही त्यांना नेलं होतं, तिने आनंदाने बोलावलं होतं. पण तिच्या त्या हलक्या खुर्चीच्या पाठीवर हात टेकला की ती सरकते. काका दचकून मागे होतात, कात्री घेतच नाहीत.

"तुम्ही दिलेत तेवढे सगळे परत करते," भिंगरी म्हणाली. "ती खुर्ची मला द्या."

मालक म्हणाला, "अहो, आता ती त्या किमतीची राहिली का? रंग, दिवा, खर्च झालाय. लोक तिच्यासाठी येतात." मग जरा थांबून म्हणाला, "बघू. विचार करून कळवतो."

हेच शब्द भिंगरी बॉबकटवालीला म्हणाली होती.

तोवर काका दोरीखालून वाकून माझ्यापर्यंत आले होते. त्यांनी माझ्या पाठीवर हात ठेवला. मित्रांनो, तो हात! मला वाटलं, आता ओळखतील. आता म्हणतील, या, बसा. त्यांनी सोनेरी रंगावरून बोट फिरवलं, दिव्याकडे बघितलं, पायाने खाली दांडा चाचपला. पाय तसाच अधांतरी राहिला. मग परक्याच्या वस्तूला चुकून हात लागावा तसा त्यांनी हात काढून घेतला.

"छान आहे," ते म्हणाले. "पण आमच्या कामाची नाही."

"बाबा, ही आपलीच खुर्ची आहे."

"नाही गं बाई, आपली दुकानात आहे. चल, उशीर झाला, गिऱ्हाईक खोळंबलं असेल."

भिंगरीने काकांना दोरीबाहेर घेतलं आणि दोघं निघून गेली.

त्यानंतरही ती मालकाला निरोप पाठवत राहिली. दर पगाराच्या वेळी एक, आणि दर वेळी आकडा थोडा वाढलेला. 'रंग मी खरवडून घेईन. दांडा बसवणारा कारागीर शोधला आहे. बॉबकटवाली जागा द्यायला तयार आहे. तेवढं कळवा.' मालक ते निरोप कॉफी करणाऱ्याला वाचून दाखवायचा. वाईट तोही नव्हता. म्हणायचा, "बाई वाढवतेय, थांबू जरा." उत्तर मात्र त्याने एकदाही दिलं नाही.

परवा तिचा निरोप आला. मालकाने सवयीने मोठ्याने वाचायला घेतला आणि हळू आवाजात संपवला. 'आता खुर्ची नको. बाबा गेले. तुम्हाला पुष्कळ वेळा त्रास दिला, माफ करा.' मग पहिल्यांदाच त्याने तिला उत्तर लिहिलं: 'घेऊन जा ताई. पैसे नकोत.' त्यावर तिचं उत्तर काही आलेलं नाही. येईल तरी कशासाठी?

बालमित्रांनो, उद्या तुम्ही मोठे व्हाल, जुन्या वस्तू विकाल, विकत घ्याल. भाव करा, खुशाल करा, फसू नका. पण भाव सांगणारा माणूस ती वस्तू कशासाठी मागतो आहे, तेवढं एकदा विचारा. आणि द्यायचं असेल तर हो म्हणा, नसेल तर नाही म्हणा, पण वेळेवर म्हणा. त्याला वाट बघत ठेवू नका. माझ्या भिंगरीला जास्त पैसे नको होते आणि त्या पोरीला फुकट नको होतं. दोघींनाही काकांचे हात चालते ठेवायचे होते. त्या एका संध्याकाळी हो म्हटलं असतं तर ते हात शेवटपर्यंत माझ्या पाठीवर राहिले असते. ते राहिले नाहीत, आणि मला इथून हलताही येत नाही.